शिंपल्याचं वय आणि अणूंची हजेरी



विहिरीच्या खोदकामात मिळालेला शिंपला आमच्या चौथीतल्या एका मुलाने वर्गात आणला. "बाई, हा किती जुना?" आणि लगेच अट, "पण फोडायचा नाही हं!" त्या अटीमुळेच हा लेख.

सजीवांच्या शरीरात कार्बन असतो. त्यातला कार्बन-14 हा समस्थानिक फार दुर्मिळ, साधारण एक लाख कोटी अणूंत एक. जीव मेला की नवा कार्बन यायचा थांबतो आणि असलेला कार्बन-14 घटत जातो, 5730 वर्षांत निम्मा. किती उरला त्यावरून वय काढतात.

पण मोजायचा कसा? जुनी पद्धत म्हणजे अणूचा क्षय व्हायची वाट बघणं. एक ग्रॅम ताज्या कार्बनमध्ये असे सुमारे 6000 कोटी अणू, आणि क्षय होतो मिनिटाला जेमतेम 14 अणूंचा. शाळेचा पट काढायला फाटकाशी बसून बाहेर पडणारी पोरं मोजावीत, तसं हे! म्हणून काही ग्रॅम कार्बन लागायचा. आमचा शिंपला अख्खा गेला असता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 च्या दशकात अशाच पद्धतीने वयं काढत.

ॲक्सिलरेटर मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे एएमएस, वाट बघत नाही. थेट हजेरी घेते. नमुन्यातल्या कार्बनचं ग्राफाइट करून त्यावर सीझियमचा मारा करतात, की ऋणभारित कार्बन आयन सुटतात. खरी गंमत इथेच आहे. नायट्रोजन-14 चं वजन जवळजवळ तेवढंच आणि तो हवेत भरपूर, पण त्याचा ऋण आयन टिकतच नाही. तोतया दारातच गळतो! बाकीच्यांना लाखो व्होल्टने पळवत विरळ वायूतून नेतात. तिथे इलेक्ट्रॉन झडतात आणि 14 वजनाचे तोतये रेणूही तुटतात. मग चुंबक हलक्याला जास्त, जडाला कमी वळवतो आणि शेवटी कार्बन-14 एकेक करून मोजला जातो. एक मिलिग्रॅम कार्बन पुरतो, म्हणजे शिंपल्याची चिमूटभर पूड.

मांडव्याच्या जेट्टीवरून समोर मुंबई दिसते ना, तिथे कुलाब्याला त्याच टाटा संस्थेच्या आवारात 1988 पासून 14 दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन आहे. त्यावर क्लोरीन-36 साठी एएमएसचं काम झालंय. कार्बनचं एएमएस दिल्ली, अहमदाबादला होतं.

आपल्या किनाऱ्यावर एक काळजी घ्यायची. समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच शिळा, त्यामुळे शिंपला खऱ्या वयापेक्षा काही शतकं जुना दिसतो. तेवढी दुरुस्ती करावी लागते. (मीही आजवर "कार्बन डेटिंगने वय कळतं" एवढंच सांगून मोकळी व्हायचे.)

मुलाला चिमूटभर पुडीचं सांगितलं. शिंपला उलटासुलटा करून बघत म्हणाला, "कडेची काढली तर चालेल."