कासवाची सुटका आणि जाळ्याचा हिशेब

जाळे वर येते तेव्हा त्यात कोळंबी असते, म्हाकूल असते, चिंबोऱ्या असतात आणि एखाद्या दिवशी तीस-चाळीस किलोंचे कासवही असते. ते जाळ्यात एकटे कधीच नसते. मानेला आणि पायांना दोर गुंडाळलेला, आजूबाजूला अडकलेली मासळी तडफडणारी. अशा वेळी बोटीच्या म्होरक्याला, म्हणजे तांडेलाला, झटपट ठरवावे लागते. जाळे कापले तर धंदा बुडतो, शिवाय दुरुस्तीचे दिवस वाया जातात. गाठी सोडवत बसावे तर कासवाचा जीव जातो. कासव पाण्यात राहत असले तरी श्वास हवेतूनच घेते. ट्रॉलचे जाळे दोन-तीन तास पाण्याखाली ओढले गेले, तर त्यात अडकलेले कासव गुदमरते.

ऑलिव्ह रिडले हे आपल्या किनाऱ्यावर नेहमी दिसणारे समुद्री कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला वाघाइतकेच संरक्षण आहे. पण किनाऱ्यापासून कैक मैल आत, रात्री दोन वाजता, बोटीवर कायद्याचा माणूस नसतो. तिथे असतात चार-पाच खलाशी, मालकाचे कर्ज आणि डिझेलचा खर्च. कासव वाचेल की नाही, हे या हिशेबावरच ठरते. कोकणात गेल्या वीसेक वर्षांत जे काही साधले, ते हा हिशेब कुणीतरी मनावर घेतला म्हणून.

अंड्यांचे राखणदार

कोकणातल्या देवळांत सभामंडपाच्या जमिनीवर दगडी कासव कोरलेले असते. त्याला हात लावून लोक आत जातात. तरीही किनाऱ्यावरची अंडी उकरून विकली जात होती, खाल्ली जात होती. उरलेली अंडी कुत्री आणि कोल्हे फस्त करत. भक्ती आणि भूक एकाच गावात सुखाने नांदत होत्या.

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ मध्ये काम सुरू केले. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांनाच राखणदार केले. २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरू लागला. पर्यटक आले, घरोघरी राहण्या-जेवणाची सोय झाली आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गावाला चार पैसे मिळू लागले. आता रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या अनेक किनाऱ्यांवर वन विभाग आणि कांदळवन प्रतिष्ठानाच्या मदतीने ‘कासवमित्र’ काम करतात.

हे काम बाहेरून सोपे दिसते. मादी रात्री वाळूत दीड फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद असा खड्डा करते, शंभर ते दीडशे अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पहाटे गस्त घालणाऱ्या माणसाला तिच्या सरपटण्याच्या खुणांवरून घरटे हुडकावे लागते. अंडी काही तासांतच हॅचरीत, म्हणजे ती उबवण्यासाठी राखलेल्या जागेत, हलवायची असतात. ती उलटी-सुलटी झाली तर आतला गर्भ दगावू शकतो, म्हणून प्रत्येक अंडे होते तशाच बाजूने उचलायचे. हॅचरीतला खड्डाही मादीने केला होता त्याच आकाराचा आणि खोलीचा हवा. पंचेचाळीस ते पंचावन्न दिवसांनी पिल्ले वर येतात. त्याआधी त्या जागेवर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ उचलून पाहतात. पिल्ले समुद्राकडच्या उजेडाच्या दिशेने जातात, त्यामुळे किनाऱ्यावर हॉटेलचे दिवे असले की त्यांची वाट चुकते.

पंचवीस हजारांची गोष्ट

अंडी वाचली तरी अंडी घालणारी मादी जाळ्यातच मेली तर उपयोग काय? हा प्रश्न बोटीवरच सोडवायला हवा होता. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने वन विभाग आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांच्यामार्फत एक योजना आणली. संरक्षित प्रजातीचा जीव जाळ्यात सापडला, मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले आणि त्याचे फोटो किंवा व्हिडिओ काढले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी जास्तीत जास्त २५,००० रुपये मिळतात. पहिल्या काही वर्षांतच अडीचशेहून अधिक सुटकांची नोंद झाली. त्यांत बहुतांश कासवे होती, त्याखालोखाल व्हेल शार्क. काही डॉल्फिनही होते.

या योजनेची खुबी अशी, की तिने मच्छीमाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही. पूर्वी जाळ्यात कासव मेले तर ते गुपचूप समुद्रात ढकलले जाई, कारण नोंद करणे म्हणजे चौकशी ओढवून घेणे. आता खलाशी स्वतःच मोबाइल काढतो. कुठल्या भागात, कुठल्या महिन्यात, कुठल्या जाळ्यात काय सापडते, ही माहिती अभ्यासकांपर्यंत आपोआप जाऊ लागली.

अर्थात पंचवीस हजारांनी सगळे भागत नाही. टनावारी वजनाचा व्हेल शार्क सोडवायला अख्खे जाळे कापावे लागते आणि मोठ्या जाळ्याची किंमत लाखांत असते. बुडालेल्या मासळीचे पैसे तर योजनेत धरलेलेच नाहीत. आणि बेशुद्ध कासव पाण्यात टाकले की सुटले, असेही नाही. ते तसेच बुडून मरते. त्याला पोटावर ठेवून मागची बाजू थोडी उंच करायची, ओल्या फडक्याने झाकून सावलीत ठेवायचे आणि हालचाल करू लागले की सोडायचे. यात कधी कित्येक तास जातात. तेवढा वेळ बोटीवरची एक जागा अडते आणि एका माणसाचे लक्ष त्यातच गुंतते.

एका किनाऱ्याची कासवे नव्हेत

जानेवारी २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी कोकणात अंडी घालून परतणाऱ्या माद्यांना पहिल्यांदाच उपग्रह टॅग लावले. वेळासच्या मादीचे नाव प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. याच्या उलटही घडले. मार्च २०२१ मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे वेगवेगळी, हा समज त्यामुळे डळमळला. गुहागरला राखलेले घरटे उद्या आंध्रच्या ट्रॉलरमुळे वाया जाऊ शकते.

ट्रॉलच्या जाळ्यात बसवायचे एक साधन यावर उपाय म्हणून आहे. त्याला ‘टेड’ म्हणतात. जाळ्याच्या गळ्यात धातूच्या गजांची तिरपी चौकट असते. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव गजांना अडून वरच्या झडपेतून बाहेर पडते. भारतीय ट्रॉलर हे वापरत नाहीत, म्हणून अमेरिकेने २०१९ मध्ये भारताच्या समुद्रातल्या कोळंबीची आयात बंद केली. ‘टेड’मुळे थोडी मासळीही निसटते, ही मच्छीमारांची तक्रार खोटी नाही. पण निर्यातीचे दार बंद झाल्याने भाव पडतो तो त्यांचाच. म्हणजे इथेही शेवटी जाळ्याचाच हिशेब आहे.

भरपाई न होणारे नुकसान

अरबी समुद्र तापतो आहे. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ‘क्यार’ आणि ‘महा’ ही दोन चक्रीवादळे एकाच वेळी त्यात घोंगावत होती. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ श्रीवर्धनच्या परिसरावर आदळले, मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ किनारा झोडपून गेले. प्रत्येक वादळात बोटी बंदरात अडकतात, पगार आणि कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत.

कासवाचेही गणित उष्णतेने बिघडते. अंड्यातून नर निघेल की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते. साधारण ३० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही सारखे निघतात. वाळू जास्त तापली तर माद्याच, त्याहून जास्त तापली तर अंडी उबतच नाहीत. हॅचरीवर सावली धरता येते, पण समुद्राने गिळलेली वाळू परत आणता येत नाही. धूप थांबवायला गाव दगडी बंधारा मागते, आणि त्यात गैर काही नाही, कारण घरे आणि माड वाचवायचे असतात. मात्र बंधाऱ्याच्या दगडांवर कासव अंडी घालू शकत नाही. एका गावाचे हित आणि कासवाचे हित इथे थेट समोरासमोर येतात आणि पंचवीस हजारांत हा तंटा मिटणारा नाही.

किनारा कुठे सरकतो आहे, पहिले घरटे कुठल्या आठवड्यात आले, कुठल्या भागात तारली आली आणि पापलेट दुर्मीळ झाले, हे कासवमित्राला आणि तांडेलाला कुठल्याही अहवालाआधी कळते. बंधारा नेमका कुठे बांधायचा आणि कुठे वाळू मोकळी ठेवायची, हे ठरवताना मंत्रालयातल्या नकाशाबरोबर त्यांची वहीही उघडावी. ज्यांना जाळे कापायला सांगितले, त्यांना किनाऱ्याच्या आराखड्यावर सही करायलाही बोलवायला हवे. एवढा विश्वास त्यांनी कमावला आहे.