दोन पट्ट्यांमधला स्वर

वादी अदाई हा मस्कतमधील रुवीजवळचा, डोंगरांच्या कुशीतला भाग. मागच्या सुट्टीत तेथे बहिणीच्या घरी उतरलो होतो. संध्याकाळी शेजारचे ओमानी गृहस्थ ऊद वाजवीत. भाची तीच चाल पेटीवर काढू लागली, पण एक स्वर तिला काही केल्या सापडेना. कोमल गंधार उतरलेला वाटे, तर शुद्ध गंधार चढलेला. ऊद या वाद्याच्या दांडीवर पडदे नसतात. बोट दोहोंच्या मध्येही थांबते. अरबी संगीतातील ‘रास्त’ मकामाचा गंधार असाच मधला असतो.

मला अमेरिकेतील ब्लूज आठवले. गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी वंशाच्या कष्टकऱ्यांचे हे गाणे. त्यातही गंधार व निषाद कोमल-शुद्धांच्या मध्ये झुलतात. १९०३ च्या सुमारास डब्ल्यू. सी. हँडी यांनी मिसिसिपीतील टटवायलर स्टेशनावर एका माणसाला गिटारच्या तारांवर सुरी घासून वाजवताना ऐकले. पियानोवादक मात्र शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबून त्या स्वराचा नुसता भास निर्माण करतात.

आपल्या संगीतातही हा प्रश्न जुनाच आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली २२ श्रुतींवर पुस्तक लिहिले; त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची साथ होती. तंबोऱ्यात ऐकू येणारा गंधार पेटीतल्या गंधाराहून अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्श्याइतका खाली असतो. आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके पेटीला दूर ठेवले, त्यामागे अशीच कारणे सांगितली जात.

आता माझी चूक सांगतो. झाकरीच्या सरावात एका मुलाला मी बेसूर म्हणून मागे बसवले होते. तो आजीकडून ऐकलेली चाल गात होता, आणि दर वेळी त्याच जागी तोच स्वर लावीत होता. नुसती चूक असती, तर स्वर दर वेळी वेगळीकडे पडला असता. मी त्याचा गळा पेटीशी ताडून पाहिला. आजीच्या गळ्याशी ताडला नाही.

वाचकहो, पेटी आपली मैत्रीण आहे, तिला टाकू नये. पण घरातील वडीलधाऱ्यांना आधी पेटीशिवाय गाऊ द्यावे, मुलांनी नीट ऐकावे, आणि मगच भाता हलवावा. पट्टीवर नसलेला स्वर गळ्यातून गेला, तर तो परत कोठून आणणार?