मक्याचा पराग, गव्हाचं रोप

गव्हाच्या दोन वाणांचा संकर करणं सोपं. त्यातून सरळ वाण हाती यायला पुढे सहा-सात पिढ्या निवड करत बसावं लागतं. ही वर्षं वाचवायची वाट सापडली ती धोतऱ्यात. १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोतऱ्याचे परागकोश पोषक माध्यमावर ठेवले आणि त्यांतून भ्रूण उगवले. परागापासून आलेल्या रोपात गुणसूत्रांचा एकच संच असतो. कोल्चिसिन या रसायनानं तो दुप्पट केला, की एकाच पिढीत वाण स्थिर.

१९६८ मध्ये जपानात भात, मग चीन आणि फ्रान्समध्ये गहू. पण तृणधान्यं हट्टी निघाली. कित्येक रोपं पांढरीफटक उगवायची; हरितद्रव्यच नाही, ती जगणार कशी? एका वाणाला मानवलेलं माध्यम दुसऱ्याला चालायचं नाही. भाताच्या प्रकारांपैकी जपॉनिका ऐकायची, इंडिका अडून बसायची. चिनी संशोधकांनी अमोनियम कमी करून ‘एन ६’ माध्यम बनवलं, गव्हाला तर चक्क बटाट्याचा अर्क पाजला. बार्लीत साध्या साखरेच्या जागी माल्टोज आल्यावर हिरवी रोपं वाढली. तरी माझ्या मते माध्यमांच्या या खटपटीचं कौतुक जरा जास्तच झालं. रोपाचा कुठला भाग, कुठल्या वयात घ्यायचा, हे जास्त मोलाचं होतं. तंबाखूच्या पानातून रोप उभं राहतं. मक्यात मात्र रोप उभं करण्यात १९७५ मध्ये ग्रीन आणि फिलिप्स यांना यश आलं ते दाण्यातला कोवळा भ्रूण घेतल्यावर.

गव्हाची कोंडी मात्र फुटली ती परक्या परागानं. बार्लीत १९७० मध्येच काशा आणि काओ यांनी रानटी बार्लीशी संकर केला होता. रानटी गुणसूत्रं पेशीविभाजनात आपोआप गळून पडली. गव्हाचे बहुतेक वाण त्या रानटी बार्लीचा पराग स्वीकारत नाहीत. मक्याचा मात्र स्वीकारतात, हे केंब्रिजमध्ये लॉरी आणि बेनेट यांनी ऐंशीच्या दशकात दाखवलं. गव्हाच्या ओंबीतले पुंकेसर चिमट्यानं काढायचे, मक्याचा ताजा पराग लावायचा, दुसऱ्या दिवशी टू-फोर-डी द्यायचं. हो, तेच तणनाशक, अगदी थोडं. दोन-अडीच आठवड्यांनी दाणा फुगलेला दिसतो, पण दाबला तर आत नुसतं पाणी. भ्रूणाला शिदोरीच नसते. सूक्ष्मदर्शकाखाली तो अलगद उचलून माध्यमावर ठेवायचा. मक्याची गुणसूत्रं तोवर नाहीशी झालेली असतात.

अडचण एकच: गहू फुलतो तेव्हा थंड प्रदेशात मका काचगृहात जपावा लागतो. हिमाचलातल्या पालमपूरच्या कृषी विद्यापीठानं २००५ मध्ये त्याऐवजी इम्पेराटा नावाच्या रानगवताचा पराग वापरून दाखवला. ते गव्हाबरोबरच बाहेर उघड्यावर फुलतं.