त्या दोघी भेटतातच कुठे?
२००२ साली संजय लीला भन्साळींचा ‘देवदास’ पाहायला आई, मी आणि माझी मुलगी गेलो होतो. माधुरी-ऐश्वर्या एकत्र नाचू लागल्या तसे थिएटर शिट्ट्यांनी दणाणले. आई मात्र पुटपुटली, ‘‘अरे, या दोघी भेटतातच कुठे?’’ खरेच होते. शरदबाबूंच्या १९१७ च्या कादंबरीत पारो आणि चंद्रमुखी भेटत नाहीत. बिमल रॉय यांनी १९५५ मध्ये त्यांना वाटेत समोरासमोर आणले, पण अबोलच ठेवले. बँकेतल्या सवयीने मीही मनात मुळाशी ताळा करून पाहत होतो.

घरी आल्यावर मुलीने आजीच्या कपाटातला अनुवाद काढला. पहाटे वाचून संपवला. ‘‘आजी, तुझंच खरं. पण त्या भेटायला हव्या होत्या गं!’’

आई हसली. ‘‘तुझ्या वयात मलाही तसंच वाटलं होतं.’’