न्यूटनचे ऐकणारे लढाऊ यान

पडद्यावरची बहुतेक लढाऊ याने अंतराळातही विमानासारखीच उडतात. वळताना एका अंगावर कलतात, इंजिन बंद पडले की जागीच थबकतात. पण जिथे हवाच नाही, तिथे पंखांना आधार कशाचा? हा प्रश्न मनावर घेऊन घडवलेले यान म्हणजे ‘बॅबिलॉन ५’ या अमेरिकी मालिकेतले स्टारफ्युरी.

जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांच्या या मालिकेचा पहिला चित्रपट १९९३ मध्ये आला, तर पुढची पाच पर्वे १९९४ ते १९९८ या काळात. स्टारफ्युरीचा आराखडा रॉन थॉर्नटन आणि स्टीव्ह बर्ग यांचा. त्या काळी पडद्यावरची याने म्हणजे बहुधा छोट्या प्रतिकृती असत. थॉर्नटन यांच्या चमूने मात्र अमिगा संगणकांवर लाइटवेव्ह हे सॉफ्टवेअर वापरून यानांची दृश्ये उभी केली.

यानाची बांधणी पाहण्यासारखी आहे. मधोमध कॉकपिट आणि तिच्यापासून फुलीच्या आकारात निघालेले चार बाहू. इंजिने या बाहूंच्या टोकांना. दार बिजागरीपाशी ढकलले तर हलत नाही, कडेला ढकलले तर सहज फिरते. तसेच केंद्रापासून दूर लावलेला थोडासा रेटाही यानाला झटकन फिरवतो. वैमानिक केंद्राजवळ आणि उभ्या स्थितीत असतो. टोकांना पुढच्या बाजूनेही झोत सोडण्याची सोय आहे, कारण हवेचा अडसर नसताना थांबायचे तर उलटा रेटाच द्यावा लागतो.

लढाईची रीतही यातूनच ठरते. शत्रू पाठीवर आला की वैमानिक इंजिने बंद करतो, यान जागच्या जागी उलटे फिरवतो आणि मागच्यावर गोळीबार करतो. यान मात्र आधीच्याच वेगाने, आधीच्याच दिशेने जात राहते. मालिका ज्या अंतराळ स्थानकावर घडते, त्यातून बाहेर पडायलाही वेगळा जोर लागत नाही. स्थानक स्वतःभोवती फिरते, पकड सुटली की त्या फिरण्याचाच वेग घेऊन यान बाहेर फेकले जाते.

पहिल्या पर्वातल्या ‘सोल हंटर’ या भागात एक निकामी यान गरगरत स्थानकाच्या रोखाने येते. स्थानकाचे प्रमुख कमांडर सिंक्लेअर स्टारफ्युरी घेऊन निघतात, दोर टाकून ते यान पकडतात आणि उलट रेट्याने त्याला स्थानकाच्या वाटेतून बाजूला काढतात. प्रसंगात तोफ नाही, शत्रू नाही. सारा थरार गतीच्या नियमांतून उभा राहतो.

मालिकेतही सवलती घेतल्या आहेतच. निर्वात पोकळीत स्फोटांचा आवाज येतो, तो प्रेक्षकांसाठी. पण गतीच्या बाबतीत तिने जी शिस्त पाळली, तिने कल्पनेला बांधून ठेवले नाही, उलट नवे डावपेच आणि नवे सौंदर्य दिले. विज्ञानकथा लिहिणाऱ्यांनी आणि चितारणाऱ्यांनी हे यान नीट अभ्यासावे. आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी न्यूटनचा पहिला नियम शिकवताना स्टारफ्युरीची एखादी झुंज वर्गात जरूर दाखवावी.