जवाहरलाल नेहरू बंदरावरील सायबर हल्ला (२०१७)

जवाहरलाल नेहरू बंदरावरील सायबर हल्ला ही २७ जून २०१७ रोजी घडलेली घटना होय. रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात, उलवे वसाहतीच्या दक्षिणेस असलेल्या या बंदरातील (न्हावा-शेवा) ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ या कंटेनर टर्मिनलची संगणकव्यवस्था त्या दिवशी ‘नॉटपेट्या’ या घातक आज्ञावलीमुळे बंद पडली. हल्ल्याचे लक्ष्य हे बंदर नव्हते, भारत देशही नव्हता. युक्रेनमध्ये सोडलेली आज्ञावली एका जागतिक नौवहन समूहाच्या अंतर्गत जाळ्यातून येथवर पोहोचली. सॉफ्टवेअरमधील सुरक्षात्रुटी किती दूरवर उपद्रव करू शकते, याचे महाराष्ट्रातील हे ठळक उदाहरण मानता येईल.

मूळ सुरक्षात्रुटी

सॉफ्टवेअर लिहिताना राहून गेलेली जी चूक परक्या व्यक्तीला प्रणालीत शिरकाव करू देते, तिला सुरक्षात्रुटी म्हणतात. येथील त्रुटी विंडोज प्रणालीच्या ‘एसएमबी’ या जुन्या भागात होती. एकाच जाळ्यातील संगणकांनी परस्परांच्या फाइली व मुद्रकयंत्रे वापरावीत, यासाठी हा भाग असतो. बाहेरून आलेल्या एका यादीचा आकार मोजताना त्यात चूक होई आणि आवश्यकतेपेक्षा कमी स्मृती राखून ठेवली जाई. तांब्यात घागरभर पाणी ओतावे, तशी उरलेली माहिती शेजारच्या स्मृतीत सांडे. या सांडलेल्या माहितीतूनच हल्लेखोर आपल्या आज्ञा संगणकाकडून पाळून घेऊ शकत असे.

या त्रुटीचा उपयोग करणारे ‘इटर्नलब्लू’ हे साधन अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने तयार केले होते. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती (पॅच) प्रसृत केली. त्यानंतर महिन्याभराने, १४ एप्रिलला, ‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या गटाने ते साधन जगजाहीर केले. मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीने त्याच वाटेने जगभर हाहाकार उडवला. म्हणजे न्हावा-शेवा येथील घटनेपूर्वी दुरुस्ती उपलब्ध होऊन १०५ दिवस लोटले होते आणि धोक्याची घंटाही वाजून गेली होती.

प्रसार

युक्रेनमधील असंख्य व्यवसाय करभरणीसाठी ‘एम. ई. डॉक’ हे लेखा-सॉफ्टवेअर वापरत. हल्लेखोरांनी त्याच्या अद्ययावतीकरणाच्या यंत्रणेतच शिरकाव केल्यामुळे ग्राहकांनी विश्वासाने घेतलेल्या सुधारणेबरोबर नॉटपेट्याही संगणकांत आली. पुढे तिचा प्रसार दोन रीतींनी झाला. दुरुस्ती न केलेल्या संगणकांत ती इटर्नलब्लूच्या साहाय्याने शिरे. शिवाय बाधित संगणकाच्या स्मृतीतून संकेतशब्द चोरून, प्रशासकांच्या नेहमीच्या साधनांनीच ती इतर संगणकांत प्रवेश करी. त्यामुळे दुरुस्ती केलेले संगणकही बाधित झाले. ‘पॅच टाकला की काम संपले’ ही समजूत येथे उणी पडते.

पडद्यावर ३०० डॉलर किमतीच्या बिटकॉइनची मागणी दिसे. परंतु दाखवलेला ओळखक्रमांक निव्वळ यादृच्छिक असल्याने पैसे भरूनही माहिती परत मिळणे शक्य नव्हते. खंडणी हा केवळ देखावा होता. आज्ञावली विनाशासाठीच रचलेली होती.

न्हावा-शेवा येथील परिणाम

गेटवे टर्मिनल्स इंडिया हा ‘एपीएम टर्मिनल्स’ आणि भारतीय कंटेनर निगम यांचा संयुक्त उपक्रम. एपीएम टर्मिनल्स ही डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील कंपनी असून त्या समूहाचे जाळे युक्रेनमधील कार्यालयाशी जोडलेले होते.

टर्मिनलमध्ये एकसारख्या दिसणाऱ्या हजारो पेट्या थरांवर थर रचलेल्या असतात. प्रत्येक पेटीवर चार अक्षरे आणि सात अंक असतात, पण ती कोणत्या रांगेत, कितव्या थरावर, कोणत्या पेटीखाली आहे आणि कोणत्या जहाजात किंवा ट्रकवर जायची आहे, हे संगणकच जाणतो. तो गप्प झाला की क्रेन धडधाकट असूनही निरुपयोगी ठरते. एकही यंत्र मोडलेले नसताना टर्मिनल ठप्प झाले, ते यामुळेच. हाताने नोंदी करून काम चालवण्याचा प्रयत्न झाला, परंतु त्याची गती अत्यंत मंद होती. केंद्रीय नौवहन मंत्रालयाने निवेदन काढून माल तुंबण्याची शक्यता वर्तवली. व्यापारी, वाहतूकदार व स्थानिक नागरिक यांना कमीत कमी त्रास व्हावा, म्हणून टर्मिनलचालकास माल ठेवण्यासाठी तळाची जागा करण्यास सांगण्यात आले. बंदरातील इतर टर्मिनल मर्स्कच्या जाळ्यात नव्हती.

पुनर्स्थापना व उत्तरदायित्व

मर्स्कने दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभे केले. समूहाचे नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितले गेले. वापरकर्त्यांच्या ओळखी तपासणारे त्यांचे सर्व मुख्य सर्व्हर नष्ट झाले होते. केवळ घाना देशातील एक वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती. भारनियमनाचे असे उपकार विरळाच.

फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिका व ब्रिटन यांनी या हल्ल्यासाठी रशियाच्या लष्कराला जबाबदार धरले. रशियाने आरोप फेटाळला. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने रशियाच्या लष्करी गुप्तचर विभागातील सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवले. भारतात ‘सर्ट-इन’ या शासकीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत तिला कळवणे बंधनकारक आहे.