सॅट : कागदावरून पडद्यावर

• अमेरिकी विद्यापीठांच्या प्रवेशासाठीची ही परीक्षा अमेरिकेबाहेर मार्च २०२३पासून, तर अमेरिकेत मार्च २०२४पासून ‘ब्लूबुक’ अ‍ॅपवर होते.

• वेळ २ तास १४ मिनिटे. प्रश्न ९८ : वाचन-लेखन ५४, गणित ४४.

• प्रत्येक विभागाचे दोन भाग. पहिल्या भागातील कामगिरीवर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. भाग संपला की मागे फिरता येत नाही.

• गणितासाठी ‘डेस्मॉस’ कॅल्क्युलेटर पडद्यावरच. कच्च्या कामाला कागद मिळतो.

• घड्याळ लपवता येते; मात्र शेवटची ५ मिनिटे उरली की ते पुन्हा दिसू लागते.

• नकोसे पर्याय खोडा, शंकेच्या प्रश्नावर खूण करा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. कोरे काही सोडू नका.

• सराव परीक्षा अ‍ॅपमध्येच मोफत. परीक्षेला नेणार त्याच लॅपटॉपवर सोडवा.